पोट फुगलं, पण दुखणं छातीत

वाचकांची पत्रं : घरचे प्राणी

या वेळी चार पत्रं घेतली आहेत आणि चारही कुत्र्यांच्या हृदयाबद्दलची आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. त्यातला गोळ्यांचा मुद्दा वेळेवर लक्षात आला, तर कुणाच्या तरी घरचं कुत्रं वाचेल.

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. आमचा शेरू नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड. आम्ही सुदामा नगरात वरच्या मजल्यावर राहतो. दिवाळीनंतर एकदा जिना चढता चढता तो आडवा झाला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. थोड्या वेळात उठला, शेपूट हलवली, पोळी खाल्ली. पाय घसरला असेल असं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, आणि मग पोट मोठं दिसायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, पोटात पाणी झालंय. त्यांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या. लघवी खूप झाली, पण शेरू आणखीच गळाला. शेवटी दुसरीकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाभोवती पाणी आहे आणि उजव्या बाजूला गाठ आहे, असं कळलं. पाणी काढलं, ते लाल निघालं. त्याच संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवला. आता मुलगा पुण्याहून रोज फोन करतो की ऑपरेशन करा. सासूबाई म्हणतात, खंडोबाचं जनावर आहे, त्याला उगाच फाडू नका. गाठ आधी का कळली नाही? गोळ्यांनी नुकसान झालं का? आणि आता आम्ही काय करावं?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर

गोळ्यांचं आधी सांगते.

हृदयाभोवती एक पातळ पण चिवट पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. पिशवी आणि हृदय यांच्यामध्ये ओलाव्यापुरतं पाणी असतं, त्याहून जास्त नाही. शेरूची गाठ झिरपते आहे आणि तिच्यातून आलेल्या रक्ताला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते पिशवीत साठतं. पिशवी लवकर ताणली जात नाही. हळूहळू महिनोन्‌महिने पाणी भरलं तर मोठ्या कुत्र्याच्या पिशवीत ते लिटरभरही मावतं, पण रक्त एकदम आलं तर थोडंसंही जीव घेऊ शकतं. आत दाब वाढला की तो सगळा हृदयावर येतो. हृदयाची डावी बाजू जाड भिंतीची, ती बराच वेळ टिकते. उजवा वरचा कप्पा मात्र पातळ, आणि तिथला दाबही सगळ्यांत कमी. पहिला चेपतो तो तोच.

शरीरभरातून परत येणारं रक्त याच कप्प्यात उतरतं. कप्पा उघडलाच नाही तर ते मागेच अडतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, आणि त्यातून पाणी पोटात पाझरतं. शेरूचं पोट वाढलं ते असं. हृदयात येणारं रक्त कमी झालं की पुढे जाणारंही कमी होतं. जिना चढताना पायांना रक्त जास्त लागतं, मेंदूला पुरत नाही, आणि कुत्रं आडवं होतं.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, शरीरातलं पाणी कमी करते. झडप गळत असेल, फुप्फुसांत पाणी भरलं असेल, तेव्हा हीच गोळी जीव वाचवते, म्हणून तिला नावं ठेवू नका. पण हृदय बाहेरून दाबलेलं असताना त्या चेपलेल्या कप्प्यात जे थोडं रक्त शिरतं, ते मागच्या शिरांमधल्या दाबाच्या जोरावर. गोळीने तोच दाब उतरला की आत जाणारं रक्त आणखी घटतं. शेरू गळाला त्याचं कारण हेच असावं. पाणी काढल्यावर तो त्याच दिवशी जेवला, म्हणजे कायमचं नुकसान झालेलं दिसत नाही. पिशवीतलं पाणी गोळीने उतरत नाही, ते सुईनेच काढावं लागतं.

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आमचे सर पोट फुगलेलं कुत्रं टेबलावर आलं की पोटाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी मानेची शीर बघा, मग मांडीच्या आतली नाडी बघा, मग छातीला स्टेथोस्कोप लावा. शीर फुगलेली, नाडी बारीक आणि श्वास आत घेताना आणखी बारीक होणारी, ठोके दुरून आल्यासारखे मंद. हे तिन्ही एकत्र दिसलं की हृदयाभोवती पाणी आहे असं धरून चालायचं. एक्स-रेत हृदय गोल गरगरीत दिसतं. ईसीजीत एक ठोका उंच, पुढचा बुटका, असं आलटून पालटून येऊ शकतं. खात्री मात्र इकोनेच होते, आणि तो केल्याशिवाय लघवीची गोळी सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. वाचकांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी हे पत्र छापल्याचं समाधान मला मिळेल.

पाणी लाल निघालं म्हणून तुम्ही घाबरला असाल. आगळासारखं गडद लाल पाणी निघणं अशा वेळी नेहमीचंच आहे. सुई हृदयात तर गेली नाही ना, हे बघायला डॉक्टर ते थोडं साध्या नळीत ठेवतात. पिशवीत साठलेलं जुनं रक्त गोठत नाही. ताजं रक्त गोठतं. सुई उजव्या बाजूने, बरगड्यांमधून, जागा बधिर करून घालतात, कारण तिथे फुप्फुसाला खाच असते आणि हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना धक्का लागण्याचा धोकाही कमी.

आता गाठीचं. तिचं आधी न कळणं यात तुमचा काही दोष नाही. कुत्र्यांत हृदयाची गाठ मुळात विरळ. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या एका मोठ्या नोंदसंग्रहात हजार कुत्र्यांमागे साधारण दोघांना ती सापडली होती. ती दुखत नाही, नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही, झिरपायला लागेपर्यंत ठोकेही नीट ऐकू येतात. पहिल्यांदा जिन्यात पडून शेरू लगेच उठला, कारण तेव्हा थोडंच रक्त आलं असावं आणि थोडं शरीराने परत शोषूनही घेतलं असावं. हा आजार असाच फसवतो. एकदा पडून उठलेलं कुत्रं बरं झालं असं सगळ्यांना वाटतं.

जर्मन शेफर्ड, उजवा वरचा कप्पा, लाल पाणी. या तिन्हींवरून सगळ्यांत जास्त शक्यता हीमँजिओसार्कोमाची. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून हा कर्करोग होतो. गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्राडोरमध्येही तो जास्त दिसतो. पक्कं निदान गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. नुसत्या पाण्यात त्या पेशी बहुतेक वेळा सापडत नाहीत, म्हणून पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तरी त्यावर विसंबू नका. हा रोग फुप्फुसांत आणि यकृतात पसरतो, आणि प्लीहेत तर हृदयाच्या बरोबरीनेच असू शकतो. हृदयात हा रोग असलेल्या तीन-चार कुत्र्यांतल्या साधारण एकाच्या प्लीहेतही गाठ मिळते. म्हणून घरात वाद घालण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. छातीचा तिन्ही बाजूंनी एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. रोग पसरलेला असेल तर ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही, आणि मुलाचं मनही मानेल.

पसरलेला नसेल तर? उजव्या वरच्या कप्प्याच्या कानासारख्या टोकावरची गाठ कापून काढता येते. पण त्यासाठी छाती उघडावी लागते. कृत्रिम श्वासाचं यंत्र, भूल सांभाळणारा वेगळा डॉक्टर, रक्त द्यायला दुसरं कुत्रं, आणि नंतर काही दिवस चोवीस तास लक्ष, एवढं सगळं लागतं. एवढं करून, वर औषध देऊन, बहुतेकांना चार ते सहा महिने मिळतात. गाठ न कापता नुसतं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिलेल्या कुत्र्यांचाही अभ्यास झाला आहे. त्यांतली निम्मी साडेचार महिन्यांच्या आसपास जगली, आणि औषध न मिळालेल्यांतली निम्मी दोन आठवड्यांच्या आत गेली. निम्मी म्हणजे उरलेली निम्मी त्याहून जास्त जगली, हेही ध्यानात घ्या. शेरू कोणत्या अर्ध्यात असेल हे आकडा सांगत नाही.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की माझं उत्तर स्वच्छ होतं. शेरू माझा असता तर मी त्याची छाती उघडू दिली नसती. गाठ पसरलेली नसेल आणि घरची तयारी असेल, तर डॉक्सोरुबिसिन दिलं असतं आणि पाणी साठेल तेव्हा काढून घेतलं असतं. हे औषध शिरेतून, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. शिरेबाहेर थेंब गेला तर तिथलं मांस जळतं, म्हणून सवयीच्या हातांकडूनच घ्या. डोस वाढत गेले की ते हृदयालाही इजा करतं, म्हणून किती द्यायचे याला मर्यादा असते. दिल्यानंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी आणि शी हातमोजे घालून उचला, लहान मुलांना लांब ठेवा. माणसांसारखे सगळे केस जातील ही भीती मात्र मनातून काढा, बहुतेक कुत्र्यांत तसं होत नाही.

महूचं महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. ते आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. जाण्याआधी फोन करून इको आणि सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते ते विचारा. शेरूला गाडीत घालून उगाच हेलपाटा नको.

औषधही नको असेल, तर नुसतं पाणी काढत राहणं हाही मार्ग आहे, आणि तो प्रेमाने निवडला असेल तर कुणी तुम्हाला दोष देऊ नये. एकदा पाणी काढून मिळालेले चार चांगले दिवस शेरूसाठी खरेच चांगले असतात. तो जेवतो, अंगणात लोळतो, मुलाचा आवाज फोनवर ऐकून कान टवकारतो. पण पाणी काही दिवसांतच परत साठू शकतं, आणि दर वेळी सुईचा फायदा थोडा कमी टिकतो. हे आधीच मान्य करा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. होळकरांच्या या गावात खंडोबा कितीतरी घरांचा कुलदेव आहे आणि देवाबरोबरचं कुत्रं आपण लहानपणापासून चित्रात पाहत आलो. फाडू नका हे त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पण सुई लावू नका असं त्या म्हणत असतील तर तेवढं ऐकू नका. छातीत दाटलेलं पाणी काढताना शेरूला टोचल्याएवढंच दुखतं, आणि त्यानंतर लगेच त्याला श्वास मोकळा मिळतो.

घरी काय करायचं ते सांगते. जिना बंद. तुम्ही वर राहता, म्हणून दोघांनी चादरीची झोळी करून त्याला खाली-वर न्या, पोटाखाली हात घालून उचलू नका. गळ्याचा पट्टा काढून छातीचा पट्टा घाला. घरातली दुखण्याची गोळी, मग ती डायक्लोफेनॅक असो, आयबुप्रोफेन असो की ऍस्पिरिन, अजिबात देऊ नका. रक्तस्राव वाढेल. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजून वहीत लिहा. तीसच्या आत असेल तर ठीक. आकडा रोज चढत असेल तर डॉक्टरांना कळवा. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरड्या पांढऱ्या, उठता येत नाही, पोट पुन्हा ताणलं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि एक बोलणं आजच करून ठेवा. रात्री-अपरात्री तो पडला आणि परत उठला नाही, तर कुणाला फोन करायचा, शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी कोण येईल. ही गाठ कधीकधी एका रात्रीत खूप रक्त सोडते. त्या वेळी फोन नंबर शोधत बसावं लागलं तर तुम्हाला आणि शेरूला दोघांनाही त्रास होईल. मुलाला एकदा येऊन भेटून जायला सांगा. ऑपरेशनच्या आग्रहामागे त्याचं शेरूवरचं प्रेमच आहे.

पत्र दुसरं

आमची राणी दहा वर्षांची बॉक्सर. सकाळी उठल्यावर तिचा चेहरा आणि मान सुजलेली दिसते, पुढचे पायही जाड झालेत. मागचे पाय अगदी नेहमीसारखे. मधमाशी चावली असेल म्हणून ऍलर्जीचं इंजेक्शन दिलं, फरक पडला नाही. एक्स-रेत हृदयाच्या वर काहीतरी गाठ आहे म्हणाले. पुढे काय करावं?
— एक वाचक, देवास

उत्तर

सूज फक्त अर्ध्या अंगाला आहे हे तुम्ही नीट पाहिलंत, त्यामुळे अर्धं काम झालं. डोकं, मान आणि पुढचे पाय यांच्यातलं रक्त एका मोठ्या शिरेने हृदयाकडे येतं. मागच्या भागाची शीर वेगळी. राणीची पुढची शीर कुठेतरी दाबली गेली आहे. मधमाशीची सूज काही तासांत उतरते. ही सूज बोटाने दाबली की खड्डा पडून राहतो.

बॉक्सर, बुलडॉग, बोस्टन टेरियर अशा चपट्या नाकाच्या जातींत हृदयातून महाधमनी जिथे निघते तिथे एक गाठ होते. तिथल्या पेशींचं मूळ काम रक्तातला प्राणवायू किती आहे हे ओळखणं. तिला केमोडेक्टोमा म्हणतात. ही गाठ शेरूच्या गाठीपेक्षा स्वभावाने संथ. वाढते हळू, पसरते कमी, पण जागा अशी की जे जवळ असेल ते दाबते. कधी शीर, कधी श्वासनळी, कधी हृदयाभोवती पाणीही साठवते.

पण निदान गृहीत धरू नका. छातीच्या त्या भागात लिंफोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोगही होतो आणि त्यानेही अशीच शीर दाबली जाते. लिंफोमा औषधाला चांगला प्रतिसाद देतो, म्हणून दोन्हींतला फरक कळणं महत्त्वाचं. शिरेत रक्ताची गुठळी अडकूनही असं होऊ शकतं. इको करा, आणि सोय असेल तिथे सीटी स्कॅन करा. गाठीत सुई घालायची की नाही हे स्कॅन पाहून ठरवू द्या, कारण केमोडेक्टोमात रक्त भरपूर असतं आणि जवळच मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

केमोडेक्टोमा निघाला तर गाठ पूर्ण काढणं बहुतेक वेळा शक्य नसतं. पण हृदयावरणाची पिशवी कापून काढण्याचा चांगला फायदा दिसला आहे. एका अभ्यासात ती काढलेल्या कुत्र्यांतली निम्मी दोन वर्षांच्या आसपास जगली, आणि न काढलेल्यांतली निम्मी सुमारे दीड महिना. शेरूच्या घरच्यांना मी छाती उघडू नका म्हणाले आणि तुम्हाला हे ऑपरेशन गांभीर्याने विचारात घ्या म्हणते आहे, ते या फरकामुळे. गाठीचं नाव बदललं की सल्ला बदलतो, म्हणून नाव कळेपर्यंत निर्णय नको.

तोवर एक काम आजच करा. राणीच्या गळ्यातला पट्टा काढा, आणि छातीचा पट्टाही सैलच ठेवा. कुठेही रक्त घ्यायचं किंवा सलाईन लावायचं असेल तर मागच्या पायाला लावा, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. पुढच्या पायातून दिलेलं सलाईन त्याच अडलेल्या शिरेत जातं आणि सूज वाढवतं. झोपताना तिचं डोकं थोडं उंच राहील अशी गादी द्या.

पत्र तिसरं

ताई, मी कॉलेजला आहे. आमच्या कॉलनीत एक भुरी कुत्री आहे, तिला आम्ही मुलं मिळून सांभाळतो. ती कधीकधी पळता पळता पडते. कुणी म्हणतं फिट आहे, कुणी म्हणतं हार्ट आहे. कसं ओळखायचं?
— टिळक नगर, इंदूर

उत्तर

तुम्ही मुलं तिला सांभाळता, याचा मला फार आनंद झाला. आता नीट वाच.

हृदयामुळे पडलेलं कुत्रं बहुधा पळताना, भुंकताना, आनंदाने उड्या मारताना पडतं. अंग सैल पडतं, हिरड्या फिक्या होतात, आणि काही सेकंदांत ते उठून ओळखीच्या माणसाकडे बघतं. फिट बहुधा झोपेत किंवा शांत बसलेलं असताना येते. जबडा आवळतो, लाळ येते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, आणि उठल्यावर कुत्रं बराच वेळ भांबावलेलं असतं, भिंतीला आपटतं, तुम्हाला ओळखत नाही. लघवी दोन्हींत होऊ शकते, तिच्यावरून ठरवू नकोस. हृदयामुळे आलेल्या बेशुद्धीतही कधी पाय ताठ होतात, तेव्हा आधी काय करत होती आणि नंतर किती वेळात सावध झाली, हे जास्त महत्त्वाचं.

पुढच्या वेळी एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, दुसऱ्याने ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघायचा. पण जबडा आवळलेला असेल तर तोंडाजवळ हात अजिबात नेऊ नका. तोंडात पाणी ओतू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. तो व्हिडिओ डॉक्टरांना पन्नास प्रश्नांची उत्तरं देतो.

आणि हृदयाच्या गाठीचा विचार करायच्या आधी तिच्या अंगावर गोचिड्या आहेत का बघ. आपल्या भागात गोचिड-ताप खूप आढळतो. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या जंतूंनी रक्त इतकं कमी होतं की पळताना कुत्रं कोसळतं. तो रक्ताच्या तपासणीत कळतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो. रस्त्यावरच्या कुत्र्याबाबत मी तरी आधी तीच तपासणी सांगेन. सगळ्यांनी वर्गणी काढून तेवढं नक्की करा.

पत्र चौथं

आमच्या सहा वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या हृदयाभोवती पाणी झालं होतं. ते काढलं. लालच होतं. पण इकोत गाठ दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. यावर विश्वास ठेवावा का? परत होईल का?
— एक वाचक, उज्जैन

उत्तर

विश्वास ठेवा, आणि लक्षही ठेवा. कुत्र्यांत कारण न सापडणारं असं पाणी खरोखर होतं, तेही मोठ्या जातींत आणि बहुधा मधल्या वयात. त्यातली साधारण निम्मी कुत्री एकदा-दोनदा पाणी काढल्यावर पुन्हा कधीच आजारी पडत नाहीत. परत परत साठत राहिलं तर पिशवी काढून टाकतात, आणि या आजारात ते ऑपरेशन बहुतेकांना पूर्ण बरं करतं.

तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा. इको पाणी काढायच्या आधी केला होता की नंतर? हृदयाभोवती पाणी असताना ते पडद्यावर काळं दिसतं आणि त्या काळ्यात लहानशी गाठही उठून दिसते. पाणी काढल्यावर तीच गाठ फुप्फुसाआड लपू शकते. कुत्रं तग धरण्याच्या अवस्थेत असेल तर आधी नीट इको आणि मग सुई, हाच क्रम योग्य. तुमचा इको नंतरचा असेल, तर पुन्हा पाणी साठलं की सुई घालण्याआधी उजवा वरचा कप्पा आणि महाधमनीचं मूळ नीट पाहून घ्यायला सांगा.

पुढचा इको महिन्याभराने करा, सगळं ठीक असेल तर त्यानंतरचा तीन महिन्यांनी. मधल्या काळात तो फिरायला नाखूश झाला, जेवण अर्धं सोडायला लागला किंवा पोट गोल दिसू लागलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.